आजारी मासोळीचं सोंग

समुद्रापासून शक्य तितकं लांब राहायचं ठरवलं, तर माणसानं नागपुरात येऊन राहावं. देशाचा मध्य म्हणून ओळखला जाणारा झिरो माइलचा खांब इथंच आहे आणि त्या खांबापासून दक्षिणेला दहाएक किलोमीटरवर आमचं बेसा. काल-परवापर्यंत इथं वावरं होती. आता स्कीमा आहेत. स्कीमला नाव ठेवताना बिल्डर मंडळी पाण्याच्या बाबतीत फार सढळ असतात. नावात लेक नाहीतर रिव्हर असतंच, आणि उन्हाळ्यात दारात टँकरही असतोच. जवळचं वाहतं पाणी म्हणायचं तर ती पोरा नदी. तिच्या काठावर तासभर गळ टाकून बसलं तर मासा लागणार नाही, डेंग्यू लागेल.

अशा गावात, आमच्या एका स्कीमच्या एका विंगमध्ये, मासेमारीचं इतकं सामान जमलं आहे की एखाद्या कोळीवाड्यानं तोंडात बोट घालावं. कोळीवाड्यात जाळी असतात, होड्या असतात, मुख्य म्हणजे मासे असतात. आमच्याकडे मिनो लूर आहेत.

ज्यांच्या घरी अजून हे प्रकरण शिरलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. मिनो म्हणजे बोटभर लांबीची खोटी मासोळी. प्लास्टिकची असते, फार महाग असली तर बाल्सा नावाच्या हलक्या लाकडाची. डोळे वटारलेले, पाठ गडद, पोट पांढरं. हनुवटीखाली एक पारदर्शक पट्टी बाहेर आलेली असते, तिला लिप म्हणतात. पोटाखाली एक आणि शेपटीला एक असे दोन गळ, आणि प्रत्येक गळाला तीन-तीन तोंडं. म्हणजे एकूण सहा टोकं. त्यांपैकी माशाच्या वाट्याला क्वचित एखादं येतं. उरलेली टी-शर्ट, गाडीची सीट आणि सोफ्याचं कापड वाटून घेतात. मिहानवाल्याच्या घरच्या पडद्यातून एक लूर दोन दिवस निघाली नव्हती. शेवटी पडदा कापला, कारण लूर जपानी होती.

मिहानवाला म्हणजे आमच्या विंगमधला एक तरुण. मिहानमधल्या कंपनीत रात्रपाळी करतो. रात्रभर अमेरिकेशी बोलतो, सकाळी जपान्यांचे मासेमारीचे व्हिडिओ बघतो आणि दुपारी झोपतो. नागपूरशी त्याचा संबंध जेवणापुरता. पण या रोगाचे पहिले रुग्ण म्हणजे चौथ्या मजल्यावरचे साहेब. साहेब पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. अख्खी नोकरी त्यांनी पाणी दलघमीत मोजलं. वडगावच्या धरणाची पूर्ण संचय पातळी त्यांना झोपेतून उठवून विचारा, दशांश चिन्हासकट सांगतील. त्या पाण्याच्या आत कोण राहतं याची चौकशी मात्र नोकरीत असताना कधी करावी लागली नाही, कारण मासे हे खातं वेगळं. आता निवृत्तीनंतर ती राहिलेली चौकशी चालू आहे. मी या दोघांबरोबर चहाचा थर्मास घेऊन जातो. थर्मासला गळ नसतात, त्यामुळे माझे कपडे शाबूत आहेत.

लूर निवडणं हा छंदाचा निम्म्याहून मोठा भाग आहे, आणि तो घरात बसून, पंख्याखाली, कोरड्या अंगानं करता येतो. साहेबांकडे कप्प्याकप्प्यांचा एक पारदर्शक डबा आहे. त्यात लांबीनुसार, रंगानुसार, खोलीनुसार मासोळ्या मांडलेल्या. कोणती कुठं ठेवली याची यादी झाकणाला आतून चिकटवलेली. खाली सही आणि दिनांक. परदेशी कंपनीची चांगली मिनो हजार रुपयांच्या आसपास जाते. हा आकडा एकदा साहेबांच्या बायकोच्या, म्हणजे काकूंच्या, कानावर गेला.

"हजार रुपयाची प्लास्टिकची मच्छी?" काकू म्हणाल्या. "अन् ते बी पाण्यात फेकाची? अहो, भोईपुऱ्यात जा, खरी आणा. एवढ्या पैशात चार घरं जेवतील."

साहेबांनी सांगितलं, की ही मच्छी खायची नसते, दाखवायची असते. काकू म्हणाल्या, दाखवाले त तुमी दोघं पुरे हाय.

डब्यातल्या मांडणीला एक मूलभूत अडचण होती, ती पहिल्या काही फेऱ्यांनंतर समोर आली. नागपूरच्या आसपासच्या तलावांत आणि धरणांत मत्स्यबीज सोडतात ते प्रामुख्यानं कतला, रोहू आणि मृगळ या तिघांचं. या तिघांना एकत्र सोडण्यामागं शहाणपण आहे. कतला पाण्याच्या वरच्या थरात खाते, रोहू मधल्या थरात आणि मृगळ तळाशी. कोणी कोणाच्या ताटात हात घालत नाही. पण तिघांचाही आहार म्हणजे प्लवक, शेवाळं, कुजलेला पाला, गाळातलं बारीकसारीक. दुसऱ्या माशाच्या मागं धावून त्याला गिळणं हे त्यांच्या कुळात बसत नाही. म्हणजे मांसाहाऱ्यांसाठी खास जपानातून मागवलेला माल साहेब आणि मिहानवाला एका सात्त्विक वस्तीतून फिरवत होते. काठावर बसलेली पोरं कणकेच्या गोळ्यावर रोहू काढत होती आणि यांच्याकडे बघत होती. एका पोरानं तर विचारलंही, "काका, ते खेळनं कितीचं हाय?"

मिनोकडे वळून बघतील असे मासे वेगळे. मरळ, शिवडा, शिंगाडा, चालट. त्यातही आमच्या भागात सगळ्यांचा जीव मरळीत. डोकं सापासारखं चपटं, अंगावर काळपट पट्टे, आणि स्वभाव तालुक्याच्या पुढाऱ्याचा: आपल्या हद्दीत कोणी आलं तर भूक नसतानाही अंगावर जायचं. तिला हवेतून श्वास घेता येतो, म्हणून बाजारात ती टोपल्यात जिवंत मिळते आणि भाव खाते. पाण्यात असली की मधूनमधून वर येऊन हवेचा घोट घेते, तेव्हा पाण्यावर एक गोल उमटतो. मिहानवाला त्या गोलाकडे असं बघतो की त्याच्या घरच्यांना काळजी वाटावी. पावसाळ्यात मरळीची लालसर पिल्लं एका गठ्ठ्यानं पाण्यावर फिरतात आणि आईबाप खालून पहारा देतात. त्या वेळी तिथं लूर टाकली तर मरळ हमखास झडप घालते, कारण तिला ती पोरांवर आलेलं संकट वाटते. अशी मरळ धरण्यात काही मर्दुमकी नाही. आईबाप गेले की बाकीचे मासे त्या गठ्ठ्याचा फडशा पाडतात. या एका बाबतीत साहेब आणि मिहानवाला दोघंही काटेकोर आहेत, आणि मला ते आवडतं.

आता मिनो वापरायची कशी. यावर मिहानवाल्यानं इतके व्हिडिओ पाहिले आहेत की त्याच्याशी बोलून काहीच कळत नाही. मला हे कसब समजलं ते नागपूरच्या एका जुन्या विद्येच्या आधारानं. हे शहर कार्यालयांचं. १९५३च्या नागपूर करारानुसार विधिमंडळाचं एक अधिवेशन इथं भरत आलं आहे, बहुधा डिसेंबरात. अधिवेशन लागलं की रजा बंद होतात, आणि रजा बंद झाल्या की मेडिकल सुरू होते. धडधाकट माणसानं आजारी कसं दिसावं, याचा एवढा सराव दुसऱ्या कोणत्या शहराला असेल असं मला वाटत नाही. मिनो म्हणजे मेडिकलवर गेलेली मासोळी. एवढं लक्षात ठेवलं की बाकीचं आपोआप कळतं.

मोठा मासा धडधाकट मासोळीच्या मागं लागत नाही. ती पळून जाते, श्रम वाया जातात. तो शोधत असतो लंगडी, जखमी, कळपातून मागं पडलेली. म्हणून लूरनं सुंदर पोहून चालत नाही. तिनं वाईट पोहावं लागतं. तिच्या हनुवटीची लिप त्यासाठीच. दोर ओढला की लिपवर पाणी आदळतं, डोकं खाली दाबलं जातं आणि पाणी एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून निसटतं. त्यानं शेपटी लटपटते. लिप आखूड आणि जवळजवळ उभी असली तर मासोळी फूट-दोन फुटांवरच राहते. लिप लांब आणि नाकाच्या रेषेत पुढं आलेली असली तर ती खोल बुडी मारते. हे साहेबांना पहिल्याच दिवशी कळलं, कारण पाण्याचा दाब हा त्यांचा विषय. अडलं ते पुढं.

पुढं म्हणजे सोंगात. नवशिका कर्मचारी आपल्या साहेबांना फोन करतो तेव्हा फार खोकतो. दर वाक्याला खोकतो, कण्हतो, ताप किती ते दशांशात सांगतो. ऐकणाऱ्याला लगेच संशय येतो. मुरलेला माणूस कमी बोलतो. "सर, जरा..." म्हणतो आणि थांबतो. त्या थांबण्यातच रजा मंजूर होते. मिनोचं अगदी असंच आहे. सारखी रीळ फिरवत आणली तर ती ठणठणीत दिसते. सारखे झटके दिले तर नाटकी दिसते. दोन हलके झटके, मग थांबायचं. दोर किंचित सैल. मासोळी तिथंच गपगार. मागून येणारा मासा त्या क्षणी ठरवतो. अनुभवी लोक सांगतात, की झडप बहुतेक वेळा हालचालीवर नाही, थांबल्यावर पडते. हिवाळ्यात, पाणी गार असतं तेव्हा मासेही सुस्त असतात; मग थांबणं आणखी लांबवायचं. नागपूरच्या जानेवारीत सकाळी सहाला काठावर उभं राहून काहीही न करणं हे दिसतं तितकं सोपं नाही. मिहानवाल्याला तर ते अजिबात जमत नाही. त्याच्या कंपनीत स्क्रीन पाच मिनिटं हलली नाही तर वरून विचारणा होते.

थांबल्यावर मासोळीचं काय होतं, यावरून तिच्या जाती पडतात. फ्लोटिंग असली तर दोर सैल होताच हळूहळू वर येते, म्हणजे एका दिवसाची किरकोळ मेडिकल. आमच्याकडच्या उथळ, झाडोऱ्याच्या काठांना हीच बरी. अडकण्याआधी निदान वर तरी येते. सिंकिंग खाली जाते. रापाला कंपनीची काउंटडाऊन नावाची एक जुनी सिंकिंग लूर सेकंदाला सुमारे एक फूट या हिशेबानं बुडते, म्हणून मनात आकडे मोजून तिला हव्या त्या खोलीवर नेता येते. साहेबांना ही फार आवडली. धरणाच्या भिंतीजवळ उभे राहून ते "एक, दोन, तीन" असं मोठ्यानं मोजतात आणि शेवटी समाधानानं म्हणतात, "बारा फूट. बरोबर आहे." मासा आला नाही तरी मोजणी बरोबर आल्याचा आनंद त्यांना पुरतो. तिसरी सस्पेंडिंग. ती वर येत नाही, खाली जात नाही. जिथं सोडली तिथंच अधांतरी राहते. थंडीतल्या मरळीसाठी मला ही सर्वांत पटते. साहेबांच्या डब्यात मात्र ती नाही. निवृत्तीवेतन सुरू होऊन इतका काळ गेला, तरी त्या जातीचं नाव घेतलं की ते दचकतात.

या सगळ्या विद्येचा जनक मात्र साहेबही नव्हते आणि मिहानवालाही नव्हता. लाउरी रापाला हा फिनलंडमधला गरीब मच्छीमार. तिथल्या एका मोठ्या सरोवरात होडी वल्हवत पोट भरायचा. लांबच लांब दोरीला शेकडो गळ आणि प्रत्येक गळाला खरी मासोळी टोचायची, असं त्याचं काम. वल्हवता वल्हवता तो पाण्यात बघत असे. त्याला दिसलं, की मोठा मासा मासोळ्यांच्या थव्यात घुसतो तेव्हा समोर आलेली कोणतीही उचलत नाही. जी जरा वेडीवाकडी पोहते तिच्यावरच जातो. १९३६ साली त्यानं बुचाच्या लाकडातून, चांभाराच्या चाकूनं, एक मासोळी कोरली. चकाकीसाठी चॉकलेटवरची चांदी लावली. वरून लेप द्यायला फोटोच्या जुन्या निगेटिव्ह वितळवल्या. ती पाण्यात ओढली तर नीट लंगडली. माणसानं इतकी मेहनत घेऊन एखादी गोष्ट मुद्दाम बिघडलेली बनवली, अशी उदाहरणं सरकारी बांधकामाबाहेर फार नसावीत.

पुढं १९६२च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या 'लाइफ' साप्ताहिकानं या लूरवर लेख छापला. त्याच अंकाच्या मुखपृष्ठावर नुकतीच निवर्तलेली मरिलिन मन्रो होती. अंक लोकांनी तिच्यासाठी विकत घेतला, आणि पानं उलटता उलटता त्यांना फिनलंडची लंगडी मासोळी भेटली. मागणी इतकी आली की रापाला कुटुंबाला पुरवठा करता येईना. मिहानवाल्याला ही गोष्ट मी सांगितली तेव्हा त्यानं विचारलं, "मरिलिन मन्रो कोण?" मग मी चहा ओतला.

रंगाबद्दल दोघांत कायमचा वाद आहे, आणि माझं मत दोघांच्याही विरुद्ध आहे. साहेबांना शिस्तीचे रंग लागतात, चंदेरी नाहीतर निळसर. मिहानवाल्याला हिरवा-पिवळा-नारंगी असा एक भडक प्रकार हवा असतो, जो बघून मासा घाबरेल की खाईल हे सांगता येत नाही. खरं तर हे पाणी ठरवतं. पावसाळ्यात वेणा नदीचं पाणी चहाच्या रंगाचं येतं तेव्हा भडक रंग आणि पोटात छर्रे वाजणारी लूर घ्यावी. माशाच्या अंगावर दोन्ही बाजूंना पार्श्वरेषा नावाची एक रांग असते, तिनं त्याला पाण्यातली थरथर कळते. न दिसणाऱ्या गोष्टीचाही त्याला पत्ता लागतो. दिवाळीनंतर पाणी निवळलं की चंदेरी, साधी, आपल्या तलावातल्या बारीक मासोळीसारखी. एवढंच. पण इतक्या थोडक्यात विषय संपला तर डब्यातले बाकीचे कप्पे कशानं भरणार, हा साहेबांचा प्रश्नही रास्त आहे.

आणखी दोन बारीक गोष्टी, कारण त्या मी स्वतः पाहिल्या आहेत आणि त्यांना पैसे पडत नाहीत. दोर मासोळीच्या नाकाला करकचून बांधू नये. सैल फासाची गाठ मारावी, नाहीतर छोटा स्नॅप लावावा, म्हणजे डोकं मोकळं हलतं. आणि लूर ओढताना एका बाजूला कलून येत असेल तर नाकातली कडी पकडीनं अगदी किंचित विरुद्ध बाजूला वाकवावी. साहेब हे काम चष्मा लावून, श्वास रोखून करतात. त्याच पकडीनं गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा दाबून टाकला तर मासाही लवकर सुटतो आणि माणसाचा कानही.

एवढं करून लूर पाण्यात पडते, आणि पहिल्याच ओढीला बेशरमीत अडकते. परदेशी पुस्तकांत या वनस्पतीचा उल्लेख नाही, म्हणून त्यांना सोपं वाटतं. आमच्या प्रत्येक तलावाच्या काठाला बेशरम आहे. जांभळट फुलं, लवचीक फांद्या. तोडली तरी येते, बुडाली तरी जगते, गुरं तोंड लावत नाहीत. सहा टोकांची लूर आणि हजार फांद्यांची बेशरम यांची गाठ पडली की ती सोडवायला पाण्यात उतरावं लागतं. हजार रुपयांसाठी निवृत्त कार्यकारी अभियंता पँट गुडघ्यावर दुमडून चिखलात उतरतो. चालू नोकरीत साइटवर जाताना हेच साहेब गाडीतून खाली पाय ठेवत नसत, असं त्यांच्या हाताखालच्या लोकांकडून ऐकलं आहे. बेशरमीच्या पलीकडं मोकळं पाणी असलं तर तिथं जलपर्णी असते. अंबाझरीच्या तलावाचंही तिनं काय केलं ते नागपूरकरांनी पाहिलंच आहे. अशा जागी खरं तर मिनो नव्हे, गळ वर वळवलेला रबरी बेडूक वापरावा. मरळीला तोही चालतो. पण बेडकाचा डबा वेगळा, आणि त्याला अजून काकूंची मंजुरी नाही.

परवानगीचीही एक भानगड असते. तलाव म्हणजे मोकळं रान नव्हे. बहुतेक तलाव मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थांकडे ठेक्यानं दिलेले असतात; ढीवर, भोई मंडळींच्या या संस्था बीज टाकतात, राखण करतात, जाळं ओढतात. पेंचच्या जंगलातलं पाणी तर व्याघ्र प्रकल्पाचं, तिथं गळ टाकायचा विचारही करू नये. साहेबांनी नोकरीत दुसऱ्यांचे अर्ज पुष्कळ प्रलंबित ठेवलेले, त्यामुळे ही बाब त्यांनी गांभीर्यानं घेतली. उमरेडकडच्या एका तलावाच्या संस्थेला त्यांनी रीतसर अर्ज लिहिला. वर विषय, खाली संदर्भ, शेवटी 'सोबत: आधारची छायाप्रत'. संस्थेच्या अध्यक्षांनी तो उलटा धरून पाहिला, घडी करून खिशात घातला आणि म्हणाले, "कागद कायले जी? या ना. पन एक सांगतो, जाळं फाटलं त भरून द्या लागन."

हा छंद इंग्रजांनी आणला, असं मिहानवाल्याचं मत होतं. साहेबांनी ते खोडून काढलं. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानं ११३०च्या सुमारास 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. राजानं काय खावं, काय नेसावं, कसा न्याय करावा, हत्ती कसा पारखावा, सगळं त्यात आहे. आणि राजाच्या करमणुकींच्या भागात 'मत्स्यविनोद' असं एक स्वतंत्र प्रकरण आहे. कोणता मासा कुठं राहतो, काय खातो, त्याला कोणतं आमिष द्यावं, गळ कसा, दोर कसा. राज्य चालवून उरलेल्या वेळात सोमेश्वर माशांच्या खाण्यापिण्याची माहिती गोळा करत होता. त्याच ग्रंथात जेवणाच्या भागात मासे कसे शिजवावेत हेही आहे, हे साहेब उत्साहाच्या भरात सांगून गेले. काकू आतून ऐकत होत्या.

"म्हणजे राजा पकडून घरी आणत होता," काकू म्हणाल्या. "तुमच्यासारखं पकडून, फोटो काढून, वापस सोडत नव्हता."

सोडण्याचा हा प्रकार मिहानवाल्याचा. मासा हातात घ्यायचा, मोबाइलकडे बघून हसायचं, परत पाण्यात. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा काकूंना वाटलं, मासा निसटला आणि पोरगं लाजेनं खोटं बोलतंय. खरोखर सोडला हे कळल्यावर त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग फक्त एवढंच म्हणाल्या, "मग गेलते कायले?" या प्रश्नाला मिहानवाल्याकडे इंग्रजीत उत्तर होतं, पण काकूंनी ते मराठीत मागितलं होतं.

उमरेडकडच्या त्या तलावावर एक ढीवर काकाजी भेटतात. सत्तरीचे असावेत. ट्रकच्या ट्यूबवर बसून पाण्यात जातात, जाळं लावतात, सकाळी काढतात. त्या दिवशी त्यांचं काम आटोपलं होतं आणि ते काठावर बसून आमचे प्रयोग बघत होते. साहेबांनी सकाळपासून डब्यातले अर्धे कप्पे पाण्यातून फिरवून आणले होते. मिहानवाला दर पाच मिनिटांनी लूर बदलत होता. काकाजी उठले, साहेबांच्या दोरीला लटकलेली मासोळी तळहातावर घेतली, अंगठ्यानं तिची लिप दाबून पाहिली, उलटी करून पोट पाहिलं.

"हे लंगडी मच्छी हाय," ते म्हणाले.

ज्यासाठी मिहानवाल्याला इतके व्हिडिओ लागले आणि मला आख्खं अधिवेशन मध्ये आणावं लागलं, ते त्यांनी अंगठ्यानं ओळखलं. साहेबांनी त्यांच्या हातात रॉड दिला. रीळ कशी फिरवायची ते दाखवायला मिहानवाला पुढं आला, पण काकाजींनी ती फारशी फिरवलीच नाही. बेशरमीच्या कडेला, बरोबर एका खाचेत, मासोळी टाकली. हात जरासा मागं घेतला. परत जरासा. मग रॉड काखेत धरला, खिशातून विडी काढली, काडी ओढली. वारा होता, काडी विझली. दुसरी ओढली. विडी पेटायच्या आत पाणी फुटलं आणि रॉड अर्धा वाकला.

मरळ चांगली हातभर होती. काकाजींनी विडी तोंडातून न काढता ती काठावर घेतली. मिहानवाला मोबाइल काढून म्हणाला, "काकाजी, फोटो घेऊ, मग सोडू."

"सोडू?" काकाजींनी विडी बाजूला काढली. "ठेका आमी भरतो, अन् सोडता तुमी?" आणि मरळ पिशवीत गेली.

साहेबांचं लक्ष पिशवीकडं नव्हतं. लूर तीच, तलाव तोच, सकाळपासून त्याच खाचेत त्यांनीही ती टाकली होती. त्यांनी फार गंभीरपणे विचारलं, "काकाजी, तुम्ही नेमकं काय केलं?"

"काईच नाई केलं जी," काकाजी म्हणाले. "तुमची मच्छी बिमार वाटतच नाई. तिले कामाची लय घाई हाय."

पाटबंधारे खात्यातल्या अख्ख्या नोकरीत साहेबांवर हा आरोप कोणी केला नव्हता.